प्रतिसाद: सरहुल ही निव्वळ वृक्षपूजा नव्हे

सरहुल हा झारखंडकडच्या आदिवासींचा वसंतातला सण. त्याबद्दल 'उराँव लोक (तिथली एक आदिवासी जमात) सालवृक्षालाच देव मानतात' असं म्हटलं जातं, ते अपुरं आहे. सर्वोच्च देव धर्मेस. सरना म्हणजे सालवृक्षांच्या राईत वास असतो चाला पच्चो या वृद्ध ग्रामदेवीचा. सालची फुलं तिला वाहायची.

खरा जीव घड्यांच्या विधीत आहे. आदल्या दिवशी उपास करून पाहन, म्हणजे गावचा पुजारी, सरनेत पाण्याने भरलेले मातीचे घडे ठेवतो. सकाळी पातळी बघायची: पाणी उतरलं तर पाऊस कमी, तसंच राहिलं तर चांगला. मग पाहन घरोघरी सालफुलं देतो. पूजेआधी नवी फळं-फुलं खात नाहीत.

रांचीची मिरवणूक चैत्र शुद्ध तृतीयेला निघते, पण गावोगावचा दिवस वेगळा असतो. जाणार असाल तर त्या गावात आधी विचारा.