जॅकी चॅन आणि जेट ली: जंगी कुस्ती की नुरा कुस्ती?

तिरपागडा (धागाकर्ता)

काल दुसऱ्या एका धाग्यावर शिलेदार यांनी लिहिलं, "'द फॉर्बिडन किंगडम'ला नावं ठेवणाऱ्यांना मार्शल आर्ट कळत नाही. जॅकी चॅन आणि जेट ली एका पडद्यावर आले, आणखी काय पाहिजे?" दोन ओळींत उत्तर देऊन झोपणार होतो. झोप लागली नाही, म्हणून हा धागा.

शिलेदार साहेब, आणखी सिनेमा पाहिजे! जॅकी एक भूमिका करतो तोवर ठीक होतं, पण त्याला दोन दिल्या, ल्यू यान आणि चायनाटाउनमधला म्हातारा हॉप. मग जेट ली कसा मागे राहील? त्यालाही दोन, मुका भिक्खू आणि वानरराजा. लग्नात दोन्ही व्याह्यांना मोजून सारखे आहेर करतात तसा प्रकार. आणि एवढं करून कथेचा नायक कोण, तर बॉस्टनचा एक पोरगा, ज्याला पहिल्या वीस मिनिटांत गल्लीतली टपोरी पोरं बडवतात. तीस वर्षं आपण ज्या दोघांची वाट पाहिली ते त्याचे शिकवणीचे मास्तर.

आता ती देवळातली लढत. हो, बघितली, चारदा बघितली. युएन वू-पिंगने बसवलेली आहे, वाईट कशी असेल? पण निकाल? दोघं घाम काढतात, खांब फोडतात, आणि भिक्खूला कळतं की वानरराजाची काठी घेऊन आलेला पोरगा हाच तो भाकितातला, की झालं भांडण बंद. कुणाचाच चाहता नाराज होता कामा नये. आमच्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात.

२००८ साली जॅकी चोपन्नचा, जेट ली पंचेचाळिशीला टेकलेला. ही जोड १९९३ला लागायला हवी होती.

शिलेदार

नावासकट उद्धृत केल्याबद्दल आभार. माझं पुढचं वाक्य मात्र सोयीस्कर गाळलंत. मी लिहिलं होतं, "कथा बघायची असेल तर दुसरीकडे जा."

त्या बॉस्टनच्या पोराचा राग तुम्हाला का येतो ते मला कळतं. खोलीभर पोस्टर लावून, आरशासमोर हातवारे करणारा, प्रत्यक्षात एक थप्पड न झेलणारा पोरगा म्हणजे तुम्ही. आणि मी. इचलकरंजीला आमच्या गल्लीत एक जण भाड्याने व्हीसीआर आणायचा, पाच रुपये डोई. पडद्यावरचा आवाज हिंदी, ओठ चिनी, आणि मध्येच रेघा. तिथून बाहेर पडलो की सायकलच्या ट्यूबचा चाबूक करून मित्राला मारायचो. हा सिनेमा त्या पोरासाठी काढलाय.

शिवाय पहिल्याच आठवड्याअखेरीस अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता, दोन कोटी डॉलरच्या वर गल्ला. तुमच्यासारखे झोप न लागणारे सोडले तर बाकी जगाला आवडला.

तिरपागडा

गल्ल्याचा आकडा कुणी विचारला? गल्ला वडापावच्या गाडीचाही चांगला होतो.

मंदाकिनी

गल्ल्यात वडापावला का ओढलंत? तो बिचारा जे सांगतो तेच देतो.

मला एक सांगा, दोघांचं भांडण जॅकी मोठा की जेट ली, पण त्या सिनेमातल्या दोन बायकांचं नावही कुणी घेतलेलं नाही. गोल्डन स्पॅरो स्वतःबद्दल बोलताना 'मी' म्हणत नाही, 'तिला' म्हणते. "तिला सूड घ्यायचाय." मला आधी वाटलं भाषांतराचा घोळ आहे. मग कळलं की मुद्दाम आहे, आणि ज्या क्षणी ती 'मी' म्हणते तेव्हा ती मरायला टेकलेली असते. एवढा सुरेख धागा हातात होता आणि केलं काय? तिला मारून पोराला मोठं केलं. शेवटी बॉस्टनमध्ये तशीच दिसणारी मुलगी ठेवून दिली, बदली पार्सल असल्यासारखी. खलनायिका नी चांग तर पांढरे केस सोडून उभी राहते आणि केसांनीच मारते, त्या बाईवर स्वतंत्र सिनेमा हवा होता.

वस्तादांचा_नातू

कुस्तीचा शब्द वापरलात म्हणून बोलतो, नाहीतर वाचूनच जात होतो. आमची गल्लीच तालमीची. पहाटे चारला बैठका आणि दारात मारुती.

नुरा कुस्ती म्हणजे आतून ठरवलेली. बरोबरीत सोडवलेली वेगळी. खडाखडीत दोन दोन तास गेले, पंचांनी सोडवली, असं शेकड्यांनी होतं, त्याला नुरा म्हणणं हा पैलवानांचा अपमान आहे.

आणि मुळात हे दोघं पैलवान कुठे? राग मानू नका. जॅकी लहानपणापासून पेकिंग ऑपेराच्या शाळेत, म्हणजे आपल्याकडे तमाशाच्या फडात वाढलेला पोरगा समजा. कोलांटी, गाणं, पडणं, मार खाणं, सगळं तिथे शिकला. जेट ली बीजिंगच्या वूशू (चिनी मार्शल आर्ट) संघातला, १९७४ला अकरा वर्षांचा असताना राष्ट्रीय विजेता. पण कशात? समोर माणूस नसताना करायच्या हालचालींत, ज्याला गुण देतात. व्हाइट हाउसच्या हिरवळीवर निक्सनसमोर प्रात्यक्षिक करून आला तो, लढून नव्हे. दोघं थोर, पण आखाड्यातले कोणीच नाहीत. मग जिंकलं कोण हा प्रश्नच कसा येतो?

शिलेदार

बास! आता जेट ली कवायत करणारा झाला.

तिरपागडा

आणि जॅकी फडातला! नातूसाहेब, हाडं मोडून घेतलेल्या माणसाला तुम्ही नाच्या म्हणताय.

वस्तादांचा_नातू

नाच्या म्हटलं नाही. फडातला म्हटलं. फड काय असतो ते बघितलं असतंत तर अपमान वाटला नसता.

साखरभात

तुम्ही सगळे भलत्यावरच भांडताय. वानरराजा सुन वुकोंग म्हणजे कोण? काठी घेतलेला, उडणारा, रूप बदलणारा, देवांना न जुमानणारा वानर. आपला मारुती! गदेची काठी झाली एवढंच. कुंगफूसुद्धा कांचीच्या बोधिधर्माने तिकडे नेलं. आपलीच गोष्ट, आपलीच विद्या, आणि आपण तिकीट काढून परकीयांकडून बघतो.

चष्मेबहाद्दर

आलं का व्हॉट्सअॅप. वाटच बघत होतो.

बोधिधर्माने कुंगफू नेल्याचा दाखला ज्या ग्रंथात सांगतात तो सतराव्या शतकातला, म्हणजे भिक्षू जाऊन हजारेक वर्षं झाल्यावरचा. चीनमधल्याच अभ्यासकांनी १९३०च्या सुमारास तो बनावट ठरवलाय.

राहिला मारुती. हा वाद तुमच्या आधी शंभर वर्षं झालेला आहे. १९२०च्या दशकात अभ्यासक हू श म्हणाले, वानरराजाचं मूळ हनुमानात शोधावं. लेखक लू शून म्हणाले, छे, आमच्याकडेच ह्वाय नदीचा माकडासारखा जलराक्षस होता. दोघंही चिनी. आणि गुण बघा ना. वुकोंग दगडातून जन्मतो, स्वर्गात जाऊन पीचची फळं चोरतो, बुद्ध त्याला डोंगराखाली पाचशे वर्षं गाडतो, तरी वळत नाही म्हणून डोक्यावर पट्टी बांधतात, जी मंत्र म्हटला की आवळते. मारुतीला असली पट्टी लागत नाही. रामनाम पुरतं. एक सेवक, एक बंडखोर.

साखरभात

मारुती बंडखोर नाही? जन्मल्याबरोबर सूर्य गिळायला गेलेला! इंद्राने वज्र घातलं म्हणून तर हनू मोडली. तुमच्या चष्म्यातून फक्त चिनी प्रोफेसर दिसतात.

लहानपणी वडील शनिवारी आम्हाला मारुतीला न्यायचे. तेल, रुईची माळ, भीमरूपी. एकदा मी विचारलं, सूर्य गिळला तर तोंड भाजलं नाही का? वडिलांनी रस्त्यातच कानफटात दिली. त्यानंतर मी मारुतीबद्दल प्रश्न विचारले नाहीत आणि कोणी विचारलेले मला आवडतही नाहीत.

मंदाकिनी

एवढं प्रांजळ कारण या धाग्यावर अजून कोणी दिलेलं नाही.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. चष्मेबहाद्दर, तुमचं बरोबर असेल, पण साखरभात यांना इतकं झटकून टाकू नका. चीनच्या च्वानझौ बंदरात तेराव्या शतकात तमिळ व्यापाऱ्यांची वस्ती होती, शिवमंदिर होतं, कोरीव दगड अजून आहेत. त्याच गावच्या कायुआन मंदिराच्या दगडी मनोऱ्यावर त्याच शतकातला माकडतोंड्या पहारेकरी कोरलेला आहे. माणसं, माल, गोष्टी एकाच गलबतातून गेल्या असतील.

मला खटकलं ते वेगळंच. पोराचं नाव बघितलंत का? जेसन ट्रिपिटिकस. म्हणजे त्रिपिटक! वानरराजाच्या मूळ चिनी गोष्टीत, 'जर्नी टु द वेस्ट'मध्ये, पश्चिमेला निघालेल्या भिक्षूला त्रिपिटक म्हणतात, आणि तो भिक्षू म्हणजे आपल्या इयत्ता सहावीचा ह्युएन त्संग. अख्खा ह्युएन त्संग काढून त्या जागी बॉस्टनचा पोरगा बसवला. माझा मुलगा अमेरिकेत जन्मला, त्याला सिनेमा दाखवला, तर तो म्हणतो, "बाबा, तो माझ्यासारखाच आहे." काय बोलणार?

शिलेदार

बघा! मी तेच म्हणत होतो.

तिरपागडा

एडिसनकरांच्या मुलाने तुमची बाजू घेतली, अभिनंदन. माझा मुद्दा तसाच आहे.

चष्मेबहाद्दर

च्वानझौचं मान्य. माल गेला असेल. 'कुंगफू आपलं' हे तरीही मान्य नाही.

ह्युएन त्संगचं नाव निघालंच आहे तर ऐका. तो महाराष्ट्रातही आला होता, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, सातव्या शतकात. त्याने लिहिलंय, इथले लोक मानी. उपकार विसरत नाहीत, अपमान झाला तर जिवावर उदार होऊन सूड घेतात, तोही आधी शत्रूला कळवून. आणि लढाईला निघण्याआधी योद्धे दारू पितात. नुसते योद्धे नव्हे, हत्तींनाही पाजतात. मग झिंगलेले हत्ती शत्रूवर सोडतात.

आता सांगा, कुंगफूतल्या झिंगल्यासारखं लढायच्या दारूड्या शैलीचं मूळ कुठलं? साखरभात, घ्या, हे तुम्हाला फुकट दिलं.

साखरभात

उपहास कळतो मला. पण मुद्दा घेतला. हत्ती आपलेच.

वस्तादांचा_नातू

झिंगलेल्या हत्तीपुढे जॅकी काय आणि जेट ली काय.

मंदाकिनी

चष्मेबहाद्दर, त्याच परिच्छेदातली पुढची गोष्ट गाळलीत. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा करत नसत, बायकांचे कपडे देत, आणि तो लाजेने जीव देई. म्हणजे साडी ही मरणाहून वाईट! 'बांगड्या भर' त्या काळापासून चालू आहे आणि आज इथे फुशारकीने सांगितलं जातंय. तेराशे वर्षांनी सिनेमात बाई मरते आणि पोरगा मोठा होतो. प्रगती आहे की.

चष्मेबहाद्दर

गाळलं हे खरं. मुद्दाम नाही... बरं, थोडं मुद्दाम.

शिलेदार

धागा जॅकी चॅनवर होता. आता हत्ती आणि साड्या चालू आहेत.

तिरपागडा, एक प्रामाणिक प्रश्न. वाळवंटातला तो प्रसंग, ल्यू यान गुडघ्यावर बसून पावसासाठी प्रार्थना करतोय, तोंडावर चार थेंब पडतात, खूश होतो, आणि वर बघतो तर मुका भिक्खू त्याच्यावर लघवी करतोय. हसलात की नाही?

तिरपागडा

हसलो.

पण त्यावरून सिनेमा चांगला ठरत नाही. आणि तुम्ही विचारलंच आहे तर हेही कबूल करतो, दोघं मिळून त्या पोराला शिकवतात, एक हाताला धरून इकडे ओढतो, दुसरा तिकडे, आणि पोराचं लाकूड होतं, तिथेही हसलो. ते दोघं एकमेकांवर करवादतात तेव्हा फार छान दिसतात. लढतात तेव्हापेक्षाही. म्हणूनच राग येतो! तीस वर्षं आधी, १९७८ला, याच युएन वू-पिंगने 'ड्रंकन मास्टर'मध्ये जॅकीला दारूड्या शैली करायला लावली होती. तेव्हा जॅकी शिष्य होता. २००८ला तोच मास्तर झालाय, हातात तीच सुरई, आणि समोर तोलामोलाचा माणूस. एवढं जुळून आलेलं असताना कॅमेरा त्या पोराच्या तोंडाकडे का वळवता?

शिलेदार

हे आधीच लिहिलं असतंत तर मी भांडलो नसतो.

तिरपागडा

तुम्ही भांडलाच असता.

एडिसनकर

जाता जाता: जेट लीने २००६च्या 'फिअरलेस'नंतर वूशूपट करणार नाही असं जाहीर केलं होतं. दोन वर्षांत पुन्हा काठी घेतली. तुमच्या भाषेत याला काय म्हणतात, नातूसाहेब?

वस्तादांचा_नातू

निवृत्तीचा फेटा बांधून झाल्यावर पुन्हा लंगोट लावणारे आमच्याकडे प्रत्येक गावात दोन आहेत.

काल हे सगळं वाचून आजोबांना मोबाइलवर ती देवळातली लढत दाखवली. वय एक्क्याऐंशी, एका डोळ्याने कमी दिसतं. मोबाइल नाकाला लावून पूर्ण बघितली. जेट लीला बघून म्हणाले, "ह्याची कंबर बघ. माती लागलेली नाही, पण कंबर आहे." जॅकीला बघून बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "हा पडायला शिकलाय. पडायला शिकवत नाही कुणी."

मग विचारलं, निकाल काय लागला? म्हटलं, सोडवली.

"पंच कोण होता?"

म्हटलं, एक पोरगा. बॉस्टनचा.

"मग बरोबर," म्हणाले, आणि मोबाइल परत दिला.

तिरपागडा

आजोबांना नमस्कार सांगा. माझ्या बाजूने बोलले.

शिलेदार

तुमच्या? अहो, "मग बरोबर" म्हणाले ते!