ट्यूबलेस रिमवर वाळून बसलेले सीलंट कसे काढावे?

प्रश्न (पुणे)

नमस्कार. मागील महिन्यात मी सायकलची ७०० सी मापाची, डिस्क ब्रेकची, अ‍ॅल्युमिनियमची दोन चाके वापरलेली विकत घेतली. ती बराच काळ टायरसकट पडून होती. टायर उतरवल्यावर दिसले की आतले सीलंट (ट्यूब नसलेल्या टायरमधून हवा गळू नये म्हणून आत ओततात तो द्रव) पूर्ण वाळले असून रिमच्या खोबणीत आणि टायरची कड जिथे टेकते त्या दोन्ही काठांवर त्याचा पिवळट, चिवट थर बसला आहे. मागच्या चाकातील, स्पोकची भोके झाकणारी टेप फाटलेली असल्यामुळे तेथे तो स्पोकच्या भोकांतही उतरला आहे. धुण्याच्या पावडरीच्या कोमट पाण्याने काहीच हलले नाही. मग फडक्यावर थोडे पेट्रोल घेऊन घासले, तर थर निघण्याऐवजी फुगला, पाकासारखा ताणला जाऊ लागला आणि त्यात फडक्याचे धागे अडकून बसले. आता अ‍ॅसिटोन वापरावे की पॉलिश पेपर? काठ स्वच्छ झाले नाहीत तर नवा टायर हवा धरणार नाही, ही माझी मुख्य चिंता आहे.

प्रतिसाद १ (नाशिक)

पॉलिश पेपर आणि तारेची घासणी दोन्ही टाळावीत, ही विनंती. त्यांनी अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवरील संरक्षक थर) खरवडले जाते आणि काठावर खोल ओरखडे पडले की हवा तेथूनच झिरपते. अ‍ॅसिटोनने रिमवरील स्टिकर व रंग खराब होतील, वाळलेले रबर मात्र बहुतेक तसेच राहील. कॉस्टिक सोडा तर अ‍ॅल्युमिनियमच खातो. पेट्रोलही पुन्हा वापरू नका. ते हबपर्यंत ओघळले तर बेअरिंगमधील ग्रीस धुऊन निघते.

प्रतिसाद २ (दोडामार्ग)

ट्यूबलेस टायर मी कधी वापरलेला नाही, परंतु आमची रबराची बाग आहे आणि बहुतेक सीलंटमध्ये असतो तो रबराचा चीकच. आम्ही ताज्या चिकात अमोनिया घातला तर तो पातळ राहतो, फॉर्मिक आम्ल घातले तर गोठतो. पण एकदा गोठून वाळलेला चीक पुन्हा अमोनियात बुडवला तरी पातळ होत नाही. म्हणून तो विरघळवण्याच्या मागे न लागता सोलून काढावा. झाडाच्या कापावर वाळलेली चिकाची पट्टी आम्ही एका टोकाला नखाने उचलतो आणि सालाला जवळजवळ लागून, सावकाश ओढतो; घाईने वर खेचली की ती तुटते. आपल्या रिमवरही थर जेथे जाड आहे तेथून सुरुवात करावी.

सोललेल्या तुकड्यांचा घट्ट गोळा वळून ठेवा. नखात येत नाही असा पातळ पापुद्रा उरतो, त्यावर हा गोळा दाबून फिरवला की रबराला रबर चिकटते आणि पापुद्रा गोळ्यावर गुंडाळला जातो. पेट्रोलने चिकट झालेला भाग आधी मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर, एक-दोन दिवस सुकू द्यावा. पेट्रोल उडून गेले की तो बऱ्याच अंशी पुन्हा आवळतो.

प्रश्नकर्ता (पुणे)

आपले मनापासून आभार. पुढचे चाक आज सुमारे तासाभरात साफ झाले. व्हॉल्व्हच्या भोकाजवळून ओढलेली पट्टी न तुटता वीतभर आली आणि शेवटी लिंबाएवढा गोळा हातात राहिला. मागच्या चाकात स्पोकच्या भोकांतून आत गेलेले तुकडे मात्र अजून खुळखुळत आहेत.

प्रतिसाद १ (नाशिक)

मागची फाटकी टेप आता पूर्ण काढावीच लागेल. चाक व्हॉल्व्हचे भोक खाली येईल असे धरून हलवावे. सुटे तुकडे त्यातून किंवा स्पोकच्या भोकांतून पडतील, मोठे असतील ते चिमट्याने ओढावेत. टेपचा उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून प्लास्टिकच्या टायर लिव्हरने खरवडावा. शेवटी नव्या कापडाने त्याच अल्कोहोलचा एक हात फिरवून रिम कोरडी होऊ द्यावी, कारण बोटांचा तेलकटपणा राहिला तरी नवी टेप नीट धरत नाही. टेप रिमच्या आतील रुंदीपेक्षा २ ते ३ मिमी रुंद घ्यावी आणि ताणून बसवावी.

मात्र टेप लावण्यापूर्वी स्पोकचे निपल (स्पोकच्या टोकाला रिमपाशी बसणारे छोटे नट) एकेक करून पाहावेत. निपल अ‍ॅल्युमिनियमचे असून त्यांवर पांढरी भुकटी धरलेली दिसली, तर गंज लागला आहे असे समजून ते बदलून घ्यावेत.