विषय: खुलताबादजवळचा बंगला आणि आगाऊ रक्कम

प्रेषक: मूळ पैठणची, सध्या लीड्स

सस्नेह नमस्कार,

बाबांची पंचाहत्तरी २८ डिसेंबरला आहे आणि त्यानिमित्त लीड्सचे आम्ही चौघे, दुबईचे भाऊ-भावजय आणि पैठण-अंबडची मंडळी धरून चौदा माणसे चार दिवस एकत्र राहणार आहोत. शहरातल्या हॉटेलात वेगवेगळ्या मजल्यांवर विखरून राहण्यापेक्षा खुलताबाद-वेरूळच्या बाजूला एखादे अख्खे घर मिळावे, अशी सर्वांची इच्छा होती. समाजमाध्यमावरील एका पर्यटन गटात तसा बंगला सापडला. भाडे रात्रीला ९,५०० रुपये सांगितले. हा आकडा फार कमी असता तर मीच संशय घेतला असता. पण तो बाजारभावाला धरून होता.

मालक म्हणवणारे गृहस्थ अदबीने बोलतात, आपण होऊन सहलीचा कार्यक्रमही आखून देतात. भावाने भारतातील खात्यावरून ५,००० रुपये बयाणा पाठवला, तेव्हा पडद्यावर भलतेच नाव आले. विचारल्यावर ‘ते आमच्या हिशेबनिसाचे खाते आहे’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर जीएसटी क्रमांक छापलेली पावती आली आणि दुसऱ्याच दिवशी निम्म्या भाड्यातले उरलेले १४,००० आणि परत मिळणारी अनामत म्हणून १०,००० रुपये आजच भरा, पुण्याची एक पार्टी वाट पाहत आहे, असा निरोप आला. शिवाय सर्वांच्या पासपोर्टच्या प्रती व्हॉट्सॲपवर मागितल्या आहेत. भाऊ म्हणतो, भरून टाकू. माझे मन धजावत नाही. पावती, छायाचित्रे आणि नकाशावरील ठिकाण सोबत जोडले आहे. त्या भागातील कोणी या बंगल्याविषयी सांगू शकेल का?

———

प्रेषक: मूळ खुलताबाद तालुक्यातला, सध्या लेस्टर (तूर्त सुटीवर छत्रपती संभाजीनगरात)

ताई, नमस्कार.

पैसे भरू नका, हे आधी लिहितो आणि कारणे मग सांगतो.

तुमची मेल वाचली आणि काल सकाळी मेहुण्यांची दुचाकी घेऊन दौलताबादचा घाट चढलो. नकाशावरील ठिकाण कापसाच्या शेतात निघाले. वेचणी चालू होती, बांधावर गाठोडी रचलेली होती आणि आसपास पत्र्याची एक शेड सोडली तर बांधकाम म्हणून काही नव्हते. मी मोबाइल हातात धरून इकडेतिकडे पाहत उभा आहे, हे बघून वेचणाऱ्यांपैकी एक मावशी कंबर सरळ करत म्हणाल्या, “बंगला पाहायला आले का? दिवाळीपासून तुम्ही तिसरे.” आधीच्या दोन गाड्यांपैकी एक तर सामानसुमानासह रात्री आली होती आणि गाडीत लहान लेकरे होती, असे त्यांनी सांगितले.

घरी परतल्यावर छायाचित्रे नीट पाहिली. पोहण्याच्या तलावामागचे कुंपण तांबूस जांभ्या दगडाचे आहे आणि त्याच्या पलीकडे सुपारीची झाडे डोकावतात. आपल्याकडे कुंपणाला काळा दगड नाहीतर वीट असते. खुलताबादेत सुपारीची बाग मी तरी आजवर पाहिलेली नाही. तेच चित्र गूगल लेन्समध्ये टाकल्यावर कोकणातील एका घराच्या पानावर तलाव, कुंपण आणि कोपऱ्यातली निळी बादलीसुद्धा जशीच्या तशी सापडली. त्या बिचाऱ्या घरमालकाला याची कल्पनाही नसेल.

पावतीवरचा क्रमांक पंधरा अक्षरांचा आहे, त्यामुळे खरा वाटतो. पण जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, आणि यांच्या पावतीवर ०७, म्हणजे दिल्ली आहे. जीएसटीच्या अधिकृत संकेतस्थळावर हा क्रमांक कोणालाही विनामूल्य तपासता येतो; मी तपासला तेव्हा तो बांधकाम साहित्याच्या दुकानाचा निघाला. मात्र क्रमांक नाही म्हणून घर खोटे, असे समजू नका. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या घरगुती निवासांना नोंदणीची सक्ती नाही आणि आपल्या गावांकडची बरीच चांगली घरे त्यातलीच आहेत.

तुम्हाला आखून दिलेल्या कार्यक्रमात सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ असे लिहिले आहे, हे वाचून मात्र मला हसू आवरले नाही. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. खुलताबादेत पाहुणे उतरवणाऱ्या माणसाला हे शाळकरी पोराइतके पाठ असते, कारण त्या दिवशी गिऱ्हाईक त्याच्याच डोक्यावर बसते.

पासपोर्टचे म्हणाल तर मागण्यात गैर काही नाही. परदेशी पासपोर्ट असलेल्या पाहुण्याची माहिती यजमानाला २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. हॉटेलवाले तिला ‘सी फॉर्म’ म्हणतात. म्हणून पुढच्या ठिकाणी हाच प्रश्न आधी विचारा, की तुम्ही सी फॉर्म भरता का. जो भरतो तो पासपोर्ट तुम्ही दारात उतरल्यावर पाहतो आणि कोणाचे पासपोर्ट भारतीय आहेत तेही विचारतो. ज्याला चौदाच्या चौदा प्रती महिनाभर आधी व्हॉट्सॲपवर हव्या असतात, त्याचा हेतू निराळा असतो. प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवे ‘केवळ अमुक ठिकाणच्या मुक्कामासाठी’ असे तारखेसह लिहून द्या आणि आधारची प्रत शेवटचे चारच आकडे दिसणारी वापरा.

———

प्रेषक: मूळ अंबाजोगाई, बँकेतून निवृत्त, मुलाकडे ब्रॅडफर्डला

ताई, घराचे यांनी पाहिलेच आहे, मी पैशाचे लिहितो.

यूपीआयवर दिसणारे नाव बँकेत नोंदलेले असते. ते आणि मालकाचे नाव जुळत नाही, एवढ्यावरच व्यवहार थांबवायला हवा होता. हिशेबनीस, मेहुणा, व्यवस्थापक ही उत्तरे मी नोकरीत इतक्यांदा ऐकली आहेत, की त्यांची मला आता गंमत वाटते. भावाने आजच आपल्या बँकेला कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैठणच्या नातेवाइकांकडून सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करवला तरी चालेल, पण व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. ती रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच उपयोग, त्यामुळे तासातासाला महत्त्व आहे. रागाच्या भरात संभाषण पुसू नका आणि त्या माणसाला चार शब्द सुनावूही नका. तो सावध होऊन क्रमांक बदलेल. कदाचित तोच पैसे परत करतो म्हणून क्यूआर कोड पाठवील. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच.

भारत सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरू आणि पर्यटकांच्या बनावट बुकिंगविषयी जाहीर इशारा दिला होता. केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा, चारधामचे निवास, सोमनाथचे अतिथिगृह अशा नावांनी खोटी संकेतस्थळे चालत होती. माहूर, तुळजापूर किंवा नांदेडला जाणाऱ्यांनीही भक्तनिवासाचा क्रमांक इंटरनेटवरच्या जाहिरातीतून न घेता संस्थानाच्या कार्यालयातून घ्यावा.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना फारशी ठाऊक नसते. फसवून करवून घेतलेल्या हस्तांतराची भरपाई बँकेने देण्याचा इथला नियम ७ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे, पण तो ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये झालेल्या हस्तांतरापुरता आहे. इथून भारतातील खात्यात पाठवलेल्या पैशाला तो लागू नाही. क्रेडिट कार्डाचे तसे नाही. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत, विक्रेता परदेशातील असला तरी, कार्ड कंपनीकडे दावा करता येतो. मध्यस्थ संकेतस्थळाला पैसे दिले असतील, तर मात्र या कलमाबाबत अडचण येऊ शकते. तरीही मध्यस्थाकडून बुकिंग केले तर पैसे त्याच्याच पानावर भरा. ‘थोडी सूट देतो, बाहेर भरा’ म्हणणाऱ्याचे ऐकू नका.

———

प्रेषक: मूळ पैठणची, सध्या लीड्स

काका आणि दादा, दोघांचेही मनापासून आभार.

भावाने त्याच दिवशी तक्रार नोंदवली असून पाच हजार अद्याप परत आलेले नाहीत. काकांनी लिहिल्याप्रमाणे क्यूआर कोड खरोखरच आला, तोही दुसऱ्या दिवशी सकाळी, ‘सॉरी मॅडम’ अशा शब्दांसह. तो आम्ही तक्रारीला जोडला आहे.

आता वेरूळजवळ एका शेतकरी कुटुंबाने चालवलेले घर ठरवले आहे. पैठणचे मामा एसटीने स्वतः जाऊन आले, स्वयंपाकघरात बसून चहा प्याले आणि तिथूनच आम्हाला व्हिडिओ कॉल लावून प्रत्येक खोलीचे दार उघडून दाखवले. पोहण्याचा तलाव नाही. सी फॉर्मचे विचारताच घरच्या सूनबाईंनी “तुमच्यात बाहेरचे पासपोर्ट किती?” असे उलट विचारले आणि मंगळवारी लेणी बंद असल्याने त्या दिवशी घृष्णेश्वर आणि देवगिरी करा, असेही न विचारता सांगितले. त्यांनी आगाऊ फक्त २,००० रुपये घेतले आणि पावतीवरचे नाव, खात्याचे नाव आणि दारावरच्या पाटीवरचे नाव एकच असल्याची खात्री मामांनी करून घेतली.

दोन खोल्यांमध्ये गीझर नाही, पण पहाटे चुलीवर पाणी तापवून देतील. बाबांना त्यातलीच खोली हवी आहे.