मदत हवी आहे: इंजिन बदललेली बॉक्स्टर, आतलं बेअरिंग कोणतं?

इंग्लंडमध्ये २००२ ची पोर्शे बॉक्स्टर (९८६, २.७ लिटर, मॅन्युअल) बघून ठेवली आहे. मालक म्हणतो २००९ मध्ये कंपनीचं बदली इंजिन बसवलंय, पण बिल हरवलं. व्ही५सी (तिथलं गाडीचं नोंदणीपत्र) वर अजून जुनाच इंजिन नंबर आहे. तो डीव्हीएलएकडून (तिथलं वाहन नोंदणी खातं) दुरुस्त करून घेता येईल, विमा कंपनीलाही सांगेन, तो प्रश्न नाही.

गाडी खालून बघितली. सम्पशेजारी (इंजिनखालचं तेलाचं भांडं) ठोकलेल्या नंबरात 'एटी' अक्षरं आहेत, म्हणजे इंजिन बदली आलेलं हे खरं. ऑइल फिल्टर उघडून घड्या उलगडल्या, धातूचा कीस नाही. बोअरस्कोपने सहाही सिलिंडर पाहिले, ओरखडे नाहीत. गिअरबॉक्सच्या सांध्याशी तेलाचा किंचित ओलावा आहे. तो बहुधा रिअर मेन सीलचा (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं तेल-सील), पण आयएमएसच्या (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारा मधला दांडा) झाकणातूनही असाच झिरपतो.

खरी अडचण आयएमएस बेअरिंगची, ते तुटलं तर इंजिनच जाऊ शकतं. जुनं लहान असेल तर क्लचच्या कामातच बदलून टाकेन. नंतरच्या इंजिनांतलं मोठं असेल तर क्रँककेस (इंजिनचं मुख्य कवच) न उघडता ते निघतच नाही, आणि हात लावायची गरजही सहसा पडत नाही. बेअरिंगच्या मधला नट १३ मिमीचा की २२ चा, यावरून कळतं हे ठाऊक आहे, पण त्यासाठी गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील उतरवावं लागतं. विक्रीआधी मालक ते करू देणार नाही, त्याचंही बरोबरच आहे.

तर 'एटी' नंतरच्या अनुक्रमांकावरून बेअरिंग खात्रीने ओळखता येतं का? की २००९ ला बसवलेल्या इंजिनातही जुना साठा निघू शकतो, म्हणून क्लच-बेअरिंगचा खर्च किमतीतून आधीच वजा करून बोलावं?