काउन्सिलिंगला जायलोय, पण मॅडम नुसतं विचारायल्यात. हे असंच असतं का?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, वय ३८. उन्हाळ्यापासून मधेच छातीत धडधड, हातापायाला घाम, आता गेलोच असं वाटतं. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी पॅनिक अटॅक म्हणून सांगितलं आणि सायकॉलॉजिस्टकडं पाठवलं. सात रस्त्याला दर शनिवारी जायलोय. मॅडम चांगल्या आहेत, पण सल्ला काही देईनात. "तेव्हा मनात नेमकं काय आलं?" हेच सारखं. वर वही लिहायला लावल्यात. बायको म्हणती, पैसे देऊन गप्पा मारायला जाता, माझ्याशी मारा की फुकट. कुणी केलंय का हे?

जुळेसोलापूरची_बाई
भाऊ, वहिनींना सांगा, गप्पा आणि हे वेगळं आहे. तुम्हाला धडधडायला लागलं की त्या म्हणणार, "काही नाही होत, पाणी प्या, बसा." बरं वाटतं, पण मनाची समजूत होते की बसलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती परत तितकीच.

मी शाळेत शिकवते. मला हे हुतात्मा एक्सप्रेसमध्ये झालं, कुर्डुवाडीच्या अलीकडं. मग पुणं बंद. मग आपल्या सोलापुरातल्या नवी पेठेतली गर्दीही नको वाटायला लागली. पर्समध्ये पाण्याची बाटली, आईच्या सॉर्बिट्रेटच्या (छातीत दुखल्यावर घ्यायच्या) गोळ्या, आणि कुठंही गेलं की दाराजवळची जागा. माझ्या थेरपिस्टनं या सगळ्याची यादीच करून घेतली.

तुमच्या मॅडम "मनात काय आलं" विचारतात त्याला कारण आहे. धडधडलं की मन म्हणतं "हार्ट अटॅक", त्या भीतीनं अ‍ॅड्रेनलिन वाढतं, आणि धडधड आणखी वाढते. हे चक्र तुमच्याच शब्दांत सापडावं लागतं, त्यांनी सांगून ते पटत नाही. माझ्या वहीत दरवेळी एकच वाक्य निघालं: "चक्कर येऊन पडणार." प्रत्यक्षात एकदाही पडले नव्हते. मग त्यांनी सांगितलं, चक्कर येऊन पडतो तेव्हा सहसा बीपी खाली गेलेलं असतं, पॅनिकमध्ये ते उलट वर जातं. हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी मान डोलावून घरी आले असते.

पुढं तर खोलीतच खुर्चीवर गोल फिरवलं, बारीक नळीतून श्वास घ्यायला लावला, जागच्या जागी पळवलं. म्हटलं पैसे देऊन दमायला आले का! पण ती धडधड मुद्दाम आणून, पाणी न पिता, ओसरेपर्यंत थांबणं हाच उपचार. नंतर पायऱ्या: सायंकाळी नवी पेठ, मग मंगळवार बाजार, मग रेल्वे. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला गेले, बाटली घरी ठेवून. (हे हृदयाच्या तपासण्या झाल्यावरच, आणि त्यांच्या सांगण्यानं. मनानं करू नका.)

वही त्याच दिवशी लिहा. शुक्रवारी रात्री आठवडाभराचं आठवून लिहिलं की नुसती गोष्ट होते. आणि "सल्ला मिळंना" हे इथं लिहिलंत ना, तेच शनिवारी गेल्या गेल्या मॅडमना तोंडावर सांगा. कोणती पद्धत वापरताय, कुठवर पोचायचंय, साधारण किती आठवडे, हे विचारायचा तुमचा हक्क आहे. अवघड गोष्ट शेवटच्या पाच मिनिटांत, चप्पल घालता घालता सांगायची सवय बहुतेकांना असते. ती गोष्ट सुरुवातीलाच काढा.

पार्कचौक_कट्टा
काय बे, एवढं काय त्यात. मन घट्ट कर, सकाळी तळ्याला चार फेऱ्या मार, सिद्धेश्वराला जा. आमच्या वेळी कुठं होतं हे?

जुळेसोलापूरची_बाई
काका, फेऱ्या माराव्यातच. पण फेऱ्या मारतानाच धडधडलं तर माणूस फेऱ्याही सोडतो. तुमच्या वेळीही होतं हे, "वारं लागलं" म्हणायचे.

मानसशास्त्र_एमफिल
बाईंनी लिहिलं ती पद्धत म्हणजे सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याचा उपचार). अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडली. पॅनिकवर ती बऱ्याचदा दहा-पंधरा सत्रांत होते, वर्षानुवर्षं जावं लागत नाही. दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर पद्धत किंवा थेरपिस्ट बदलण्याबद्दल त्यांच्याशीच बोला, चांगला थेरपिस्ट राग मानत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी विचारा. गोळ्या लागल्या तर त्या मानसोपचारतज्ज्ञ देतात. फी जड जात असेल तर सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात चौकशी करा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास, मोफत, मराठीतही.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
बाई, सॉर्बिट्रेट माझ्याही खिशात आहे. मॅडमना हे सांगितलंच नव्हतं, त्यांनी विचारलं नाही. शनिवारी सांगतो. एक विचारायचं राहिलं, मी जे बोलतो ते बायकोला कळेल का? तिला एकदा घेऊन जायचंय, पण सगळं तिच्यासमोर नको.

मानसशास्त्र_एमफिल
तुमच्या परवानगीशिवाय नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. जिवाला धोका असेल, अशा मोजक्या वेळी अपवाद. वहिनींना आणायच्या आधी काय बोलायचं, काय नाही, ते मॅडमशी ठरवून घ्या.

जुळेसोलापूरची_बाई
आणि वही कारखान्यात कुणी बघेल वाटत असेल तर मोबाइलमध्ये लिहा. मी हजेरीच्या वहीमागं लिहायची.