मदत हवी आहे: दोन वयांची मुलं, एक आई आणि नवं वर्ष

नमस्कार मंडळी. घरीच शिकवण्याचं आमचं नवं वर्ष सुरू होतंय. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सहाचा. विज्ञान, इतिहास, चित्रकला एकत्र जमतं. विषय एकच, त्याने चित्र काढायचं, तिने त्यावर लिहायचं. अडतं ते गणित आणि वाचनाशी. तिचे अपूर्णांक चालू असतात, नेमकं तेव्हाच त्याला अक्षरांसाठी शेजारी कोणीतरी लागतं. तिला स्वतंत्र काम दिलं, की वेगवेगळ्या छेदांची पहिली बेरीज आली रे आली, "आई, इकडे ये ना" सुरू.

ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन यांच्या पद्धतीत लहान मुलांचे धडे १५-२० मिनिटांचेच असतात. धाकट्याला ते मानवतं. थोरली मात्र एकदा रमली की तासभर हलत नाही, आणि तिला उठवणं माझ्याच जिवावर येतं. म्हणून मला वाटतं, कामांचा क्रम ठरवावा, घड्याळ नको. (नवऱ्याला तक्ता हवाच. भिंतीवर लावूनही झाला!)

तर, वयात एवढं अंतर असताना गणित कसं बसवता? सुट्टीत काय विसरलं हे परीक्षा न घेता कसं तपासता? मी तिलाच मला उदाहरण समजावून सांगायला लावणार आहे, पण तेवढं पुरेल का? आणि सगळे विषय पहिल्याच दिवशी सुरू करता की एकेक वाढवत नेता? माझा कल एकेक वाढवण्याकडे आहे.

पुस्तकांच्या याद्या नकोत, त्या ढीगभर आहेत. तुमच्याकडची सकाळ प्रत्यक्षात कशी जाते तेवढं सांगा.