पॅरिस-इंटरलाकेन-व्हेनिस-रोम ट्रेननं: युरेल पास घ्यावा की सुटी तिकिटं?

रानवाट:
नमस्कार मंडळी, मे महिन्यात सहकुटुंब युरोपला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, ९ वर्षांची मुलगी आणि माझे आईबाबा, दोघंही सत्तरीच्या घरात. ग्रुप टूर नको कारण आईला पहाटे उठून बॅगा दाराबाहेर ठेवायचा प्रकार झेपत नाही. आधी पॅरिस, मग स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन, तिथून व्हेनिस आणि शेवटी रोम, परतीचं विमान रोमहूनच, मधला सगळा प्रवास ट्रेननं. जो तो म्हणतोय युरेल पास (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या ट्रेनला चालणारा एकच पास) काढून टाका, कुठल्याही गाडीत बसा. खरंच असं असतं का? आणि बुकिंग किती आधी करायचं? आईबाबांची दगदग कमी होणं महत्त्वाचं, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

खिडकीकाठ:
तुमच्या रूटला युरेल पास नका घेऊ, अगदी मनापासून सांगतो. पास असला तरी फ्रान्सच्या टीजीव्हीत आणि इटलीच्या फ्रेच्चारोसात (दोन्ही तिथल्या वेगवान गाड्या) सीट रिझर्वेशन लागतंच, त्याचे पैसे वेगळे, आणि पासवाल्यांचा टीजीव्हीतला कोटा मर्यादित असतो, तो संपला की पास हातात असून उपयोग नाही. मुलीचा पास फुकट मिळेल (४ ते ११ वयाला मोठ्यांबरोबर फ्री आहे) पण चार मोठ्यांचा खर्च बघा ना. रोज नवीन गाव करणाऱ्यांना पास परवडतो, तुमचे लांबचे प्रवास मोजून तीन आहेत.
फ्रान्स आणि इटलीत तिकिटांचे भाव विमानासारखे चढतात, बुकिंग साधारण ३-४ महिने आधी उघडतं तेव्हाच घ्या. शेंगेन व्हिसाचा अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे आधी व्हिसा मग तिकिटं असा क्रम नीट बसतो.

आरेकाठची_मीरा:
मी स्वित्झर्लंडमध्येच राहते म्हणून इथलं सांगते. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून बासेलला थेट टीजीव्ही आहे, साधारण ३ तास. बासेलला गाडी बदलायची, पुढे इंटरलाकेन ओस्ट २ तास. इंटरलाकेनला स्टेशनं दोन आहेत, वेस्ट आणि ओस्ट, हॉटेल ओस्टजवळ घ्या कारण डोंगराकडच्या गाड्या तिथूनच सुटतात.
स्वित्झर्लंडपुरता मात्र स्विस ट्रॅव्हल पास जरूर बघा. ट्रेन, बस, तलावातल्या बोटी सगळं त्यात येतं, साध्या गाड्यांना रिझर्वेशन लागत नाही, बाबा दमले तर ही गाडी सोडून पुढची पकडा, कोणी विचारणार नाही. वयस्कर माणसं बरोबर असताना हे फार मोठं सुख आहे. मुलीसाठी स्विस फॅमिली कार्ड मागून घ्या, ते फुकट असतं, आईवडील बरोबर असले की ६ ते १५ वयाच्या मुलांना तिकीट नाही. फक्त उंच डोंगरावरच्या युंगफ्राउयोख स्टेशनला पास पूर्ण चालत नाही, ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावांपर्यंत चालतो आणि वरच्या टप्प्याला २५ टक्के सूट मिळते. वर ३४५४ मीटर उंची आहे, आईबाबांना न्यायचं तर डॉक्टरांना आधी विचारा.
अजून एक, ओस्टहून सुटणारी डोंगराकडची गाडी त्स्वायल्युट्शिनेन स्टेशनला दोन भागात तुटते, अर्धे डबे लाउटरब्रुनेनला अर्धे ग्रिंडेलवाल्डला. चढताना डब्यावरचा बोर्ड वाचा आणि पाचही जण एकाच डब्यात बसा!

खिडकीकाठ:
मीरा +१, हे डब्यांचं फार कामाचं सांगितलंत.

पावसाळी_दुपार:
इटलीचं मी लिहिते. इंटरलाकेनहून श्पीत्सला या, तिथून मिलानची युरोसिटी ही आंतरराष्ट्रीय गाडी पकडा (हिला इटलीत जाताना रिझर्वेशन लागतं) आणि मिलान सेंत्रालेला बदलून व्हेनिस, हा शेवटचा टप्पा जवळपास अडीच तासांचा. मिलानला बदलायला दोन्ही गाड्यांत तासभर तरी ठेवा, स्टेशन अवाढव्य आहे.
तिकीट व्हेनेत्सिया सांता लुचियाचं काढा, मेस्त्रे हे त्याच्या आधी लागणारं, बेटांवरचं नव्हे तर मुख्य भूमीवरचं स्टेशन. सांता लुचियाच्या पायऱ्या उतरलात की समोर ग्रँड कॅनॉल, आईबाबांना तो क्षण जरूर मिळू दे. व्हेनिस ते रोम थेट फ्रेच्चारोसा किंवा इटालो (दुसऱ्या कंपनीची वेगवान गाडी), साधारण ४ तास. जमलं तर वाटेत फ्लॉरेन्सला मुक्काम करा, गाड्या तिथूनच जातात. रीजनल गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी मशीनमध्ये शिक्का मारून घ्या नाहीतर दंड बसतो. आणि प्रवासाच्या आठवड्यात शोपेरो, म्हणजे संप, जाहीर झालाय का ते बघत जा.

रानवाट:
खूप खूप आभार सगळ्यांचे, किती नीट समजावलंत! म्हणजे तीन सुटी तिकिटं आणि मधे स्विस पास. बॅगांचं काय करायचं? कुली मिळतात का? आणि डबा खाल्लेला चालतो का गाडीत?

आरेकाठची_मीरा:
कुली विसरा. माणशी एकच मध्यम बॅग, जी स्वतःला उचलून डब्याच्या पायरीवर चढवता येईल अशी, कारण मधल्या स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. टीजीव्हीची दारं तर सुटायच्या २ मिनिटं आधी बंद होतात. स्वित्झर्लंडमध्ये पैसे भरून सामान पुढच्या स्टेशनवर पाठवायची सोय आहे, आईबाबांच्या बॅगा तशा पाठवा.
डबा खुशाल खा, सगळेच खातात. ठेपले, दशम्या, चटण्या आणा, पण पेढे-बर्फी नको, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे.